सोलापुरात उघड्यावरची बर्फाची रिंक: ज्यांना काम माहीत आहे त्यांनी लिहा

धागा सुरू करताना

नाताळच्या सुट्टीत शहराच्या मधोमध बर्फाची रिंक (स्केटिंगसाठी गोठवलेला पट्टा) मांडायची, असं सोलापुरात कुणी म्हणालं की पहिला प्रश्न ठरलेला: "इथं? या उन्हात?" प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर आकड्यांत मिळतं. म्हणून बर्फ, चिलर (द्रव थंड करणारं यंत्र), वीज, पाणी, मांडव, स्केट्स, गर्दी यांपैकी काहीही ज्यांच्या रोजच्या हातातलं आहे, त्यांनी आपापल्या कामापुरतं लिहावं. किती लागतं, कुठल्या क्रमाने लागतं आणि बिघडतं कुठे. स्वतःच्या गोष्टी नकोत, काम सांगा.

हिशेब जुळावेत म्हणून सगळ्यांनी एकच माप धरू या: ३० मीटर लांब, २० मीटर रुंद, म्हणजे ६०० चौरस मीटर. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरची रिंक १९३६ च्या नाताळात सुरू झाली, ती साधारण ३७ बाय १८ मीटर आहे, म्हणजे माप काही लहान नाही. जागा होम मैदानाची धरू. जानेवारीत तिथे गड्डा, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची जत्रा भरते, त्या यात्रेच्या आधी मैदान मोकळं करून द्यावंच लागणार, म्हणून तारखा २० डिसेंबर ते १ जानेवारी. वेळ संध्याकाळी ५ ते रात्री १०. डिसेंबरात आपल्याकडे दुपारी ३० अंशांच्या आसपास आणि पहाटे १५ च्या आसपास तापमान असतं, हवा कोरडी. सिमल्याची लक्कड बाजारची रिंक १९२० पासून नुसत्या थंडीवर गोठते, तो मार्ग आपल्याला बंद. मेक्सिको सिटीने मात्र २००७ च्या डिसेंबरात आपल्या मुख्य चौकात यंत्राने गोठवलेली रिंक मांडली. ते शहर १९ अक्षांशावर, आपण पावणेअठरावर. ते सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे, हा फरक मात्र मोठा.

बर्फाच्या कारखान्यातून

आधी एक गैरसमज काढून टाकतो. लाद्या आणून शेजारी शेजारी अंथरल्या की रिंक होत नाही. जोडांतून पाणी झिरपतं, लादी खालून सुटते आणि स्केटचं पातं जोडात अडकतं. रिंक जागेवरच गोठवावी लागते.

कारखान्यात ब्राईन (साच्यांभोवतीचं मिठाचं गार पाणी) उणे १० अंशांवर असलं तरी सुमारे दीड क्विंटलची लादी तयार व्हायला जवळपास दोन दिवस लागतात. कारण बर्फ कडेकडून आत सरकतो आणि झालेला बर्फच पुढच्या थंडीच्या वाटेत उभा राहतो. जाडी दुप्पट केली की वेळ चौपट. रिंकवर एकदम दोन इंच पाणी सोडून रात्रभर वाट बघणारा माणूस इथेच फसतो.

दुसरं, कॅनमध्ये, म्हणजे लादीच्या साच्यात, खालून हवा सोडून पाणी सतत हलतं ठेवतात. त्याने बर्फ काचेसारखा होतो आणि क्षार मधल्या गाभ्यात गोळा होतात. तो गाभा पंपाने ओढून काढायचा, चांगलं पाणी भरायचं. रिंकला गाभा नसतो. तिथे क्षार वर, म्हणजे नेमके पात्याखाली येतात. पाण्याचं वेगळं कुणीतरी लिहाच.

सुरुवात लवकर व्हावी म्हणून चुरा अंथरता येतो. १५ मिलिमीटर पुरे, आणि पाइप गोठायला लागल्यावरच. चुऱ्यात हवा असते आणि हवा थंडी अडवते, म्हणून तो थंड पाण्याने पूर्ण भिजवून घट्ट करायचा. कोरडा राहिलेला चुरा नंतर टाचेखाली खचतो.

शीतगृहाचं चिलर-पाइपिंगचं काम करणाऱ्याकडून

रिंकचा जन्मच मुळी शीतगृहाच्या खटपटीतून झाला. १८७६ साली लंडनच्या चेल्सीत जॉन गॅमगी यांनी यंत्राने गोठवलेली पहिली रिंक उघडली. ते पशुवैद्य होते आणि परदेशातून मांस गोठवून आणण्याची रीत शोधत होते. त्यांनी खाली माती, गाईचे केस आणि लाकडी फळ्यांचे थर घातले होते आणि वर ग्लिसरीनचं मिश्रण वाहणारे तांब्याचे पाइप. आजही थर तेच, फक्त माल बदललाय.

खालून वर असं चढायचं. मैदानाची काळी माती ओलीने फुगते, तिच्यावर थेट काही मांडू नका. १५० मिलिमीटर मुरूम, पाणी मारून रोलर, मग लेव्हल. वीस मीटरच्या रुंदीत एक सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक नको, कारण पाणी लेव्हल शोधतं आणि खोल कोपऱ्यात बर्फ दुप्पट जाड होतो. मुरुमावर जाड प्लास्टिक, त्यावर ५० मिलिमीटरचं घट्ट थर्मोकोल (पॅकिंगचं भुसभुशीत नको), त्यावर अखंड ताडपत्री. ताडपत्रीच्या कडा चौकटीवर चढवून हौद करायचा. मग पाइप.

वीस मिलिमीटर आतल्या व्यासाचे पाइप दहा सेंटीमीटर अंतराने टाकले तर ६०० चौरस मीटरला सहा किलोमीटर पाइप लागतो. त्यात १,९०० लिटर द्रव मावतो, हेडर (सगळ्या पाइपांना द्रव वाटणारे आणि परत गोळा करणारे जाड पाइप) आणि टाकी धरून अडीच हजार. हा द्रव म्हणजे पाणी अधिक ३५ ते ४० टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल. एथिलीन ग्लायकॉल स्वस्त पडतं आणि पंपाला हलकं जातं, पण ते विष आहे. बाजूला सिद्धेश्वर तलाव आणि खाली मुलं असताना ते वापरूच नका. यावर तडजोड नको.

हेडरची जोडणी उलट परतीची करा, म्हणजे ज्या पाइपला द्रव आधी मिळतो त्याचा परतीचा रस्ता सगळ्यात लांब. तसं केलं नाही तर चिलरजवळची बाजू दगड आणि पलीकडची बाजू चिखल. हवा काढायचे कॉक हेडरच्या सगळ्यात उंच जागी. एखाद्या पाइपात हवा अडकली की पहिल्याच रात्री दिसतं: सगळे पाइप पांढरे होतात, एकच काळा राहतो. पाणी मारायच्या आधी ते दुरुस्त करा, नंतर तो पाइप बर्फाखाली गाडला जातो.

आता टनाचा हिशेब. सावली असेल आणि वारा अडवलेला असेल तर आपल्या हवेत चौरस मीटरला ५०० वॅट धरा. सहाशे चौरस मीटरला ३०० किलोवॅट, म्हणजे ८५ टन. (टन हा शब्द बर्फावरूनच आलाय: ९०७ किलो पाण्याचा चोवीस तासांत बर्फ करण्याची ताकद, साडेतीन किलोवॅट.) इथे मोठी चूक होते. चिलरच्या पाटीवरचा आकडा ७ अंशांच्या पाण्यासाठीचा असतो. बेदाण्याच्या शीतगृहाची यंत्रंही शून्याच्या वरच चालणारी. आपल्याला ग्लायकॉल उणे १२ ला हवंय, आणि तिथे तोच चिलर निम्म्याच्या आसपास काम देतो. म्हणून पाटीवर १७० टन पाहिजेत. एक मोठा घेण्यापेक्षा ९० चे दोन घ्या. एक बंद पडला तर लोकांना खाली उतरवून बर्फ तरी वाचवता येतो. भाड्याने घेताना "उणे बाराला किती टन?" हे लेखी मागा, आणि फ्रीझ-स्टॅटची (द्रव गोठू नये म्हणून यंत्र बंद करणाऱ्या स्विचची) सेटिंग ग्लायकॉलला साजेशी केली आहे का ते बघा, नाहीतर यंत्र ३ अंशांवरच स्वतःला बंद करतं.

उणे १२ च कशाला, बर्फ तर शून्याला होतो, असं विचारतात. वरून चौरस मीटरला ३०० वॅट उष्णता येत असेल तर बर्फाच्या दर सेंटीमीटर जाडीत सुमारे १.४ अंश खर्ची पडतात. पाच सेंटीमीटर जाडीत सात अंश गेले. वर उणे ३ हवं असेल तर तळाला उणे १० लागतं, आणि ग्लायकॉल त्याच्याही खाली. म्हणून "जाड बर्फ म्हणजे सुरक्षित बर्फ" हे अर्धंच खरं. चार ते पाच सेंटीमीटर ठेवा. सहावर गेला की यंत्र तेच असून वरचा थर मऊ पडायला लागतो, आणि लोक घाबरून आणखी पाणी मारतात.

पंपाला मिनिटाला दोन हजार लिटर लागतं, कारण आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या ग्लायकॉलमध्ये अडीच अंशांपेक्षा जास्त फरक चालत नाही. मोटर २० हॉर्सपॉवरची, आणि शेजारी दुसरी जोडून तयार. चिलरभोवती तीन मीटर मोकळी हवा सोडा. शोभेसाठी कनाती लावून चिलर झाकला की त्याचाच गरम वारा तो परत ओढतो आणि नेमका गर्दीच्या वेळी ट्रिप होतो.

मंडप आणि ताणछत करणाऱ्यांकडून

वर भाऊंनी ५०० वॅट धरलेत ते सावली धरून. डिसेंबरात इथे भर दुपारी सूर्य एकोणपन्नास अंशांवर असतो, ऊन थेट बर्फावर पडू दिलं तर हिशेब कोसळतो. बर्फ सपाट करणाऱ्या यंत्राचे जनक फ्रँक झांबोनी यांनी १९४० मध्ये कॅलिफोर्नियात रिंक उघडली, तीही आधी उघडीच होती. ऊन आणि वाळवंटी वारा सोसवेना म्हणून तिच्यावर छत चढवावं लागलं. तिथे जे झालं तेच इथे होणार.

लग्नाचा मांडव चालणार नाही. छत बर्फापासून निदान ६ मीटर उंच आणि चारही बाजूंनी ३-४ मीटर बाहेर आलेलं हवं, कारण चारच्या पुढे ऊन तिरकं आत शिरतं. पश्चिमेची बाजू तर खालपर्यंत पडद्याची लागेल. कापडाला आतून ॲल्युमिनियमचा चंदेरी थर असेल तर फार फरक पडतो. साधं पांढरं कापड दुपारी तापतं आणि तव्यासारखं वरून बर्फावर उष्णता टाकतं, चंदेरी बाजू ती टाकत नाही.

छत सरकतं असेल तर रात्री अकरानंतर उघडा. कोरड्या रात्री निरभ्र आकाशाखाली बर्फाला वरून येणारी उष्णता छताखालच्यापेक्षा चौरस मीटरला ७०-८० वॅटने कमी असते. पहाटे पाचला परत ओढून घ्या. खांबांचे पाय आणि दोऱ्या रिंकच्या हौदात येऊ देऊ नका. मैदानात पहारी ठोकण्याआधी पाणी आणि विजेच्या लायनी कुठून गेल्यात ते महापालिकेकडून समजून घ्या.

पाणी शुद्धीकरणवाल्यांकडून

सहाशे चौरस मीटर, पाच सेंटीमीटर: ३०,००० लिटर. रोज पाच-सहा वेळा पृष्ठ नवं करायला दर वेळी ३०० लिटर, बारा-तेरा दिवसांचे आणखी वीस-बावीस हजार. एकूण दहा हजारी पाच टँकर, आणि एखादा जास्तीचा. वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळ पाहिलेल्या शहरात हा आकडा लपवून चालणार नाही. फलकावर लिहा, आणि शेवटी ते पाणी कुठल्या झाडांना जाणार तेही लिहा.

बोअरचं पाणी सरळ मारू नका. आपल्याकडच्या बोअरला क्षार भरपूर. गोठताना पाणी क्षार बाहेर ढकलतं, ते दर थराला वर साचतात. क्षारांचं पाणी शून्याच्या खाली गोठतं, म्हणून बर्फ खाली टणक आणि वर दमट, पिठूळ राहतो. तीन-चार दिवसांनी लोक म्हणतात चिलर कमी पडतोय. चिलर ठीकच असतो, थर क्षारांचा असतो. आरओचं पाणी घ्या, टीडीएस शंभराच्या आत. फार खाली, दहा-वीसवर नेऊ नका, बर्फ ठिसूळ होतो असं रिंकवाले सांगतात.

दुबईतल्या एका रिंकची देखभाल करणारे, मूळचे साखर पेठेतले

बर्फ चढवण्याची रीत सविस्तर लिहितो, कारण एवढ्या एका कामाला घाई अजिबात चालत नाही.

चिलर आदल्या दिवशी दुपारी सुरू करून संध्याकाळपर्यंत ग्लायकॉल उणे १० ला आणा. सूर्य मावळल्यावरच पाणी. हातात बारीक धुक्यासारखी फवारणी करणारी नोझल, चार माणसं, एका कडेने मागे मागे सरकत. पहिल्या फवाऱ्याने पाइपांवर नुसती पांढरी साय धरते, तिच्यावर काही दिसत नाही म्हणून धीर सुटतो. सोडू नका. दर फेरीला २ मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी नाही. थांबायचं किती? हातमोजे काढून पालथा हात टेकवा: ओल लागली तर थांबा, कोरडं आणि चिकटल्यासारखं लागलं तर पुढची फेरी.

हिशेबाने बघा. ३० टन पाणी २५ अंशांवरून उणे ५ ला न्यायला सुमारे ३,७५० किलोवॅट-तास थंडी लागते. तीनशे किलोवॅटचं यंत्र नुसतं तेवढंच काम करत असतं तर बारा-तेरा तास पुरले असते. पण निम्मी थंडी हवेशी झगडण्यात जाते आणि दिवसा पाणी मारता येत नाही. म्हणून तीन रात्री. चौथी राखून ठेवा. २० तारखेला उद्घाटन असेल तर पहिली फवारणी १६ ला.

वीस मिलिमीटर झाला की पांढरा रंग. खडूची बारीक पूड किंवा पाण्यात मिसळणारा पांढरा रंग, फवाऱ्याने, दोन हात. हा शोभेसाठी नसतो. खालचे पाइप काळे असतात, बर्फातून प्रकाश आत जातो, पाइप तापतात आणि बर्फ खालून सुटतो. रंगावर परत बारीक फवारे मारून तो कोंडायचा. आधी जोरात पाणी मारलं तर रंग वाहून ढग ढग दिसतो.

रोजची देखभाल: दर ४५ मिनिटांच्या खेळानंतर १५ मिनिटं बंद. आधी रुंद पात्याने चुरा खरवडून बाहेर काढायचा, मग ६० अंशांचं गरम पाणी, अर्धा मिलिमीटर. गरम का? त्यात विरघळलेली हवा कमी असते, आणि ते जुन्या बर्फाचा वरचा थर किंचित वितळवून त्याला धरून गोठतं. गार पाणी मारलं तर पापुद्रा निघतो. एवढ्या रिंकला मोठं यंत्र नको, त्याचं वजनच कित्येक टन. चाकांवर २०० लिटरचा पिंप, खाली आडवा भोकं पाडलेला पाइप, आणि त्यामागे ओढत जाणारा जाड टेरी टॉवेल. पाणी टॉवेलमधून सारखं पसरतं. तो टॉवेल जगभर शोधत फिरतात, सोलापुरात तर कारखान्यातून थेट मिळेल. जितका घट्ट विणीचा तितका चांगला, आणि शिवणीची कड खाली येऊ देऊ नका, तिची रेघ उमटते.

आणि धूळ. थंडी आणि वाऱ्याइतकीच काळजी तिची घ्या. मैदानातली धूळ बर्फावर बसली की प्रत्येक कण ऊन आणि दिव्याची उष्णता पिऊन स्वतःभोवती खड्डा करतो, आणि पाती बोथट करतो. भोवतीच्या ५० मीटरमध्ये रोज दोनदा पाणी शिंपडा, प्रवेशाला रबरी मॅट, आणि बुटांनी बर्फावर पाय ठेवायला कुणालाही परवानगी नाही. कुणालाही म्हणजे उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनाही.

वीजकाम करणाऱ्यांकडून

३०० किलोवॅट थंडीला सुमारे १५० किलोवॅट वीज, पंप १५, दिवे आणि बाकी १०. म्हणजे १७५ च्या आसपास. महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन त्या भाराचं आधी मंजूर करून घ्या, शेजारच्या खांबावरून होणारं हे काम नाही. सोबत २५० केव्हीएचा जनरेटर, पूर्ण भारावर तासाला पन्नासेक लिटर डिझेल.

लाइट गेली तर किती वेळ हातात असतो, हे सगळ्यांना पाठ पाहिजे. चौरस मीटरला ३०० वॅट येत असतील तर पाच सेंटीमीटर बर्फ उणे ६ वरून शून्याला यायला अर्धा तास. त्यानंतर तासाला साडेतीन मिलिमीटर वितळतो. म्हणजे बर्फ लगेच जात नाही, पण अर्ध्या तासात पृष्ठ ओलं होतं. जनरेटर दहा मिनिटांत भार घेईल असा ठेवा. नुसता पंप चालू आणि चिलर बंद असं मात्र करू नका, हेडर आणि टाकीतली उष्णता पंप बर्फाखाली नेऊन सोडतो. दोन्ही बंद, लोक बाहेर, छताचे पडदे खाली.

बर्फाजवळच्या सगळ्या सर्किटला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच), जोड जमिनीपासून वर, आणि केबल कधीही बर्फाच्या कडेच्या नाल्यातून नेऊ नका. दिवे एलईडीच. हॅलोजन लावला तर खाली गोल डबकं दिसेल.

प्लास्टिक रिंक बसवणाऱ्यांकडून

वरचं सगळं वाचून अनेक जण म्हणतील की कृत्रिम फळ्या बऱ्या. पाणी नाही, चिलर नाही, वीज दिव्यांपुरती. तो पर्याय खरा आहे. पण "अगदी बर्फासारखं" म्हणून विकतात ते ऐकू नका. फळी पॉलिएथिलीनची, बारा ते वीस मिलिमीटर जाड. घसरण कमी, पायाला जोर जास्त लागतो, पातं लवकर बोथट होतं आणि पांढरा भुगा पडतो, तो रोज झाडून व्हॅक्यूमने उचलायचा.

सोलापुरात खरी अडचण उष्णतेची. पॉलिएथिलीन दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.१८ मिलिमीटर वाढतं. पहाटे १५ अंश, दुपारी उन्हात फळी ५० अंश. पस्तीस अंशांत वीस मीटरची रांग साडेबारा सेंटीमीटर वाढते! फळ्या भिंतीला घट्ट लावल्या असतील तर मधून कमानीसारख्या उचलतात. म्हणून कडेने १० सेंटीमीटर मोकळी जागा, भिंत फळ्यांना न जोडता वेगळी उभी, आणि बसवण्याचं काम दुपारी तीनला. पहाटे घट्ट बसवलेली रिंक दुपारी फुगते. दुपारी बसवलेली रात्री थोडी उघडते, पण फटीत पातं अडकण्याइतकी उघडू नये म्हणून खाचेचे जोड घ्या, गुळगुळीत कडांचे नको. सावली इथेही लागतेच.

दहा बाय पंधराची लहान मुलांची रिंक असेल तर आमचं मत फळ्यांकडे. सहाशे चौरस मीटर आणि मोठी माणसं असतील तर बर्फच.

रोलर स्केटिंग शिकवणाऱ्या ताईंकडून

चाकांवर तरबेज असलेली मुलं बर्फावर सगळ्यात जोरात पडतात. कारण दोन. एक, त्यांना वेग लगेच घेता येतो आणि थांबणं येत नाही. चाकांचा मागचा ब्रेक इथे नसतो. दुसरं, चाक सपाट टेकतं, पात्याला मात्र आतली आणि बाहेरची अशा दोन धारा असतात. सरळ उभं राहिलं की दोन्ही टेकतात, वळताना एकच.

क्रम असा घ्या. कठड्याला धरून जागच्या जागी पाय उचलणं, गुडघे इतके वाकवून की बुटाच्या जिभेवर नडगी टेकेल. मग टाचा जवळ, चवडे बाहेर, बदकासारखी दहा पावलं. मग दोन पावलं आणि घसरू देणं. थांबायला टाचा बाहेर ढकलून चवडे आत, आतल्या धारेने बर्फ खरवडायचा. हे आलं नाही तोवर कठडा सोडू देऊ नका. नजर पुढच्या माणसाच्या पाठीवर, पायांकडे नाही.

पडायचं कसं ते आधी शिकवा: खाली बसत एका कुशीवर, हात छातीशी, मुठी मिटलेल्या. उठताना आधी दोन्ही गुडघे, मग एक पाय. बर्फावर पसरलेली बोटं म्हणजे मागून येणाऱ्याच्या पात्याखाली जाणारी बोटं.

भाड्याचे स्केट्स देताना टोकाला दात असलेले फिगर स्केट्स नवख्यांना देऊ नका, दात अडकून माणूस तोंडावर जातो. लेस चवड्यापाशी सैल, घोट्यापाशी घट्ट, वर परत जरा सैल. जाड मोजे घालून मोठा नंबर घेण्याचा आग्रह पालक करतात. पातळ मोजा आणि पायाला बसणारा नंबर, म्हणजेच घोटा धरला जातो. ओढणी, साडी, मफलर नको. संध्याकाळी हवा वीस अंशांची असते, जाड कोट लागत नाही, पण हातमोजे आणि पूर्ण पँट पाहिजेच.

धार लावणाऱ्याकडून

ही सुरीची धार नव्हे. पात्याच्या तळाला लांबीभर अर्धगोल खाच पाडायची असते, साधारण अर्ध्या इंच त्रिज्येची, म्हणजे दोन्ही कडा सारख्या उंच राहतात. नाणं आडवं ठेवून बघा, तिरकं दिसलं तर एक कड खाली गेलीय आणि तो बूट एकाच बाजूला ओढणार. सत्राला १०० माणसं असतील तर अडीचशे जोड तरी हवेत. पंधरा-वीस तासांच्या वापरानंतर धार, आणि परत आलेला प्रत्येक जोड टॉवेलने पुसून, पातं वर करून उभा. ओला बूट प्लास्टिकच्या पेटीत टाकला की सकाळपर्यंत पात्यावर तांबेरा.

हाडांच्या डॉक्टरांकडून

सगळ्यात जास्त मोडतं ते मनगट. त्याखालोखाल काळजी डोक्याची, विशेषतः मागे पडणाऱ्यांच्या. बारा वर्षांखालच्यांना हेल्मेटशिवाय आत सोडू नका. सायकलचं हेल्मेट नसण्यापेक्षा बरं, पण मागचा भाग झाकणारं चांगलं. पडल्यावर उलटी, गुंगी किंवा वाढती डोकेदुखी असेल तर थेट रुग्णालय. कापलं तर स्वच्छ कापडाने दहा मिनिटं न सोडता दाब. स्ट्रेचर बर्फावर नेता येईल असं एक रुंद दार आणि तिथपर्यंत गाडी येईल असा रस्ता, एवढं पहिल्या दिवसापासून.

गड्ड्यात पाळणे आणि स्टॉल लावणाऱ्यांकडून

सहाशे चौरस मीटरवर एका वेळी १०० माणसं. नवखेच जास्त असणार, म्हणून याच्या वर जाऊ नका. दर सत्राला वेगळ्या रंगाचा मनगटी पट्टा, रंग बघून बाहेर बोलवायचं. सगळे एकाच दिशेने. अर्ध्या सत्रात दिशा बदला, नाहीतर एकाच वळणावर बर्फ खरवडून खड्डा पडतो.

रांग आणि बूट बदलायची जागा रिंकइतकीच मोठी धरा. लोक हेच विसरतात. पंधरा मिनिटांत १०० जण बूट काढणार, १०० घालणार, म्हणजे दोनशे माणसांना बसायला बाकडी. बघ्यांना कठड्यापासून दीड मीटर लांब ठेवा, कठड्यावर रेललेली गर्दी आत पडणाऱ्याचा आधार काढून घेते. कठडा ११० सेंटीमीटर, आतून गुळगुळीत, एकही खिळा बाहेर नको. खाद्याचे स्टॉल वाऱ्याच्या खालच्या बाजूला, भट्टी आणि तळणीचा धूर बर्फावर तेलकट साय धरतो. परवानग्या महापालिका, पोलीस, अग्निशमन आणि विद्युत निरीक्षक यांच्या. रात्रभर चिलर घोंघावणार हे आसपासच्या लोकांना आधी जाऊन सांगा.

परत चिलरवाल्याकडून, उतरवण्याबद्दल

१ जानेवारीच्या रात्री चिलर बंद. पहारीने बर्फ फोडू नका, कुठला ना कुठला पाइप फुटतोच आणि ग्लायकॉल पाण्यात मिसळतं. पंप चालू ठेवून कोमट ग्लायकॉल फिरवा, बर्फ खालून सुटतो. मग छत उघडून उन्हाला काम करू द्या, दीड-दोन दिवसांत हौदात पाणी. पाणी उपसण्याआधी ग्लायकॉलच्या टाकीची पातळी पहिल्या दिवशीच्या खुणेशी ताडा. उतरलेली असेल तर ते पाणी झाडांना किंवा नाल्यात सोडायचं नाही, टँकरने प्रक्रियेला न्यायचं. पातळी तीच असेल तर झाडांना द्या. पांढऱ्या रंगाचा गाळ खाली बसतो, वरचं पाणी आधी घ्या.

ग्लायकॉल पिंपांत गाळून भरा, पिंपावर टक्केवारी लिहा. पाइपांत कॉम्प्रेसरने हवा मारून कोरडे करा, गुंडाळा, प्रत्येक गुंडाळीला हेडरवरच्या तोंडाचा नंबर. आणि दोन्ही टोकांना टोपणं बसवा. उघडं टोक गोदामात ठेवलं की कुंभारमाशी आत मातीचं घर बांधते, आणि पुढच्या डिसेंबरात तो पाइप पहिल्या रात्री काळा राहतो.